घराजवळच्या बागेत शरदातले कीटक आणि रानफुलं कशी पाहावीत?

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात कोथरूडला राहतो, मुलगी चौथीत आहे. कासला गर्दीत जाऊन आलो, पण तसं जाणं वर्षातून एकदाच होतं. घराजवळच्या बागेत रोज जातो आणि तिथे हिरवळ, कडेची शोभेची झाडं आणि झेंडू एवढंच दिसतं. सप्टेंबर ते नोव्हेंबर इथेच कीटक आणि रानफुलं पाहायची तर काय विकत घ्यावं, कोणता कॅमेरा बरा? आणि ॲप दर वेळी वेगळंच नाव सांगतं, त्याचं काय करायचं?

कॅमेऱ्याकडे नंतर येते. तुमची खरी अडचण मला वेगळी वाटते. पुण्यात कुटुंबांच्या आणि शाळांच्या निसर्गफेऱ्या घेताना ती मला नेहमी दिसते. आपण बागेत चालायला जातो आणि चालता चालता बघतो. तेही जो भाग देखणा ठेवलेला असतो त्याच्याकडेच. हिरवळ दर पंधरवड्याला कापली जाते, वाफ्यांतली रोपं फूल येण्याच्या बेतात आणून लावतात आणि कोमेजली की उपटतात. अळीला वाढायला, कोश करायला, मातीत अंडी घालायला तिथे वेळच मिळत नाही. कीटक असतात ते कंपाउंडच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात, पालापाचोळ्याच्या खड्ड्यामागे, गळक्या नळाखालच्या ओलीत, माळीकाकांच्या कुंड्यांच्या कोपऱ्यात. तुमच्या बागेतला असा सर्वांत दुर्लक्षित कोपरा आधी शोधा. चार-पाच पावलांचा पट्टा पुरे. तिथे दर आठवड्याला जायचं आणि प्रत्येक वेळी निदान पंधरा मिनिटं एकाच झाडापाशी उभं राहायचं. बाकी सगळं यानंतर.

काही गोष्टी तुमच्या हातात नाहीत, त्याही सांगून ठेवते. गवत कधी कापतात आणि डासांसाठी धुराची फवारणी कधी होते यावर बरंच अवलंबून असतं. सप्टेंबर-ऑक्टोबर हे डेंग्यूचे दिवस, त्यामुळे फवारणी व्हायचीच, आणि त्यानंतरचे काही दिवस बाग सुनी वाटते. माळीकाकांना विचारलंत तर ते वार सांगतात. दुसरं म्हणजे पाऊस. पुण्यातून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी जातो, पण तो लांबला की फुलांचं वेळापत्रकही पुढे सरकतं. आणि मी जे सांगते आहे ते पुणे आणि आसपासच्या कोरड्या टेकड्यांचं आहे. कोकणात किंवा मुंबईत ओल जास्त दिवस टिकते, झाडं थोडी वेगळी असतात. मुंबईकरांनी माहीम-धारावीच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात हेच करून पाहावं. कचराभूमीवर झाडं वाढवून ते उभं राहिलंय, आणि मोकळ्या सोडलेल्या जागेत काय काय परतून येतं ते तिथे दिसतं.

आता पद्धत. मी लोकांना कीटक शोधायला सांगतच नाही, झाड ओळखायला सांगते. फुलपाखरू उडून जातं, झाड तिथेच राहतं. आणि बहुतेक अळ्यांचं खाणं ठरावीक झाडांपुरतं असतं, त्यामुळे झाड कळलं की त्यावर काय शोधायचं हे निम्मं कळलेलं असतं. सुरुवातीला पाच-सहा झाडं पुरतात.

त्यांतलं पहिलं रुई. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात तीच. बागेत नसली तर कंपाउंडबाहेर, पार्किंगच्या कडेला, नाल्याकाठी नक्की सापडेल. मला शरदात एकच झाड निवडायला सांगितलं तर मी रुई निवडेन. कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा असतो आणि त्याला खायला आलेले ठिपक्यांचे लेडीबर्ड भुंगेरे. पानांवर निळे-पिवळे पट्टे असलेला रंगीत नाकतोडा बसलेला असतो. त्याच्या पिल्लांना डिवचलं तर ती अंगातून द्रवाची चिळकांडी सोडतात, तेव्हा डिवचू नका. लाल-काळे ढेकण्याच्या जातीचे किडे शेंगांभोवती फिरत असतात. पानाच्या मागे एकेकटं, टाचणीच्या डोक्याएवढं पांढरट अंडं दिसलं तर ते बहुधा प्लेन टायगरचं, म्हणजे आपल्या बिबळ्या कडव्याचं. त्याची अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या शिंगांसारख्या तंतूंच्या तीन जोड्या. मुलीला तिचं खाणं नीट बघू द्या. पान खायच्या आधी ती बऱ्याचदा शीर किंवा पानाचा भाग कुरतडून चर पाडते, म्हणजे चीक तिथे वाहून जातो आणि पुढचा भाग खाताना तोंड चिकटत नाही.

इथे मुलीला एक प्रश्न विचारा: या झाडावर लपून बसलेलं कोणीच का नाही? पिवळा मावा, निळा-पिवळा नाकतोडा, लाल किडे, पट्टेरी अळी, सगळे उघड्यावर आणि भडक. कारण रुईचा चीक विषारी आहे, तो खाऊन किंवा शोषून यांच्यातले बरेच जण स्वतः बेचव नाहीतर विषारी होतात, आणि भडक रंग ही पक्ष्यांना दिलेली आगाऊ सूचना असते. हे एकदा समजलं की तिला बागेतला प्रत्येक लाल-काळा किडा वेगळा दिसायला लागेल.

या सूचनेचा फायदा घेणारेही आहेत. ऑक्टोबरात तुम्हाला बिबळ्या कडव्यासारखं दिसणारं, पण जरा वेगळं उडणारं फुलपाखरू दिसेल. ती छोट्या चांदव्याची मादी असू शकते. ती विषारी नाही, तिची अळी घोळीवर वाढते, पण रूप मात्र तिने कडव्याचं घेतलेलं आहे. ओळखायची खूण म्हणजे कडव्याच्या मागच्या पंखाच्या मधोमध काही काळे ठिपके असतात, चांदव्याच्या मादीला तिथे ते नसतात. नर तर अगदीच निराळा, काळाभोर, पंखांवर जांभळ्या झाकेची कडा असलेले पांढरे मोठे ठिपके. घोळ ही आपली भाजीतली घोळच, फरशीच्या फटीतसुद्धा उगवते. म्हणजे हे फुलपाखरू पाहायला बाग मोठी असण्याचीही गरज नाही.

दुसरं झाड तरवड. टेकड्यांवर भरपूर, आणि हल्ली काही बागांत कुंपणालाही लावतात. पिवळ्याजर्द फुलांचं हे झुडूप तेलंगणाचं राज्यफूल आहे, तिथे बतुकम्माच्या सणात त्याची फुलं रचतात. तरवडापाशी बघण्यापेक्षा ऐकायला उभं राहा. या फुलात मध नसतो, देण्यासारखे परागच, आणि तेही पुंकेसराच्या टोकाच्या बारीक छिद्रातूनच बाहेर येतात. काळा मोठा सुतार भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता छातीचे उडण्याचे स्नायू थरथरवतो. त्या कंपनाने पराग छिद्रातून उडतात. उडतानाचा त्याचा घुंऽ आवाज आणि फुलावर बसल्यावरचा बारीक, चढा, तुटक आवाज यांतला फरक कानाला लगेच कळतो. फुलात पुंकेसरही दोन प्रकारचे असतात. मधल्या आखूड पुंकेसरांवरचे पराग भुंगा खायला नेतो. लांब, वाकड्या पुंकेसरांचे पराग त्याच्या अंगावर अशा जागी पडतात जिथे त्याचे पाय नीट पोचत नाहीत, आणि तेच पुढच्या फुलाला मिळतात. आपल्या सातेरी आणि आग्या मधमाश्यांना हे थरथरणं जमत नाही. त्या तरवडावर आल्याच तर सांडलेले पराग गोळा करतात. मोठ्यांच्या गटातही या एका झुडपापाशी अर्धा तास सहज जातो. मुलांना तर डोळे मिटून भुंगा उडतोय की बसलाय हे ओळखायला सांगते.

तरवड आणि त्याचा भाऊबंद टाकळा यांच्या कोवळ्या पानांवर फिकट हिरवट-पांढरी मॉटल्ड एमिग्रंट फुलपाखरं अंडी घालतात. मादी पानापानावर क्षणभर टेकून पोटाचं टोक वाकवते, ते पाहिलं की लगेच तिथे जाऊन अंडं शोधता येतं.

बाकीची झाडं भराभर सांगते. कुर्डू, गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांचं. पावसाळ्यात भाजी केली असेल तर आता तिचं फूल ओळखा, फुलपाखरांना फार आवडतं. केना, निळं इवलं फूल, सकाळीच बघावं लागतं, दुपारपर्यंत मिटतं. विष्णुकांता, जमिनीलगत, निळी, बसल्याशिवाय दिसत नाही. ओसाडी आणि भुरुंडी, या दोन्हींवर कडव्यांचे आणि टायगर गटातल्या इतर फुलपाखरांचे नर जमतात. मधासाठी तर ते येतातच, पण या झाडांतलं एक रसायन त्यांना मादीला आकर्षित करणारा गंध बनवायला लागतं. वाळलेल्या, तुटलेल्या फांदीवरही ते सोंड लावून बसलेले दिसतात ते त्यासाठीच. खुळखुळ्याच्या शेंगांवरही तेच चालतं. नोव्हेंबरात पिवळी वज्रदंती, तिच्यावर लेमन पॅन्सीची अळी शोधा. आणि लिंबू, कढीपत्ता किंवा बेल बागेत असेलच. लिंबाळी फुलपाखराची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी असते, मोठी झाली की हिरवी होते. तिला चुकून धक्का लागला तर डोक्यामागून लाल-केशरी दोन टोकांचा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास येतो. २०१५मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेलं ब्लू मॉरमनही लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर वाढतं.

एकदांडी, घाणेरी, पिवळा-केशरी कॉसमॉस यांवर फुलपाखरं भरपूर दिसतील. ही सगळी अमेरिका खंडातून आलेली. मध सगळ्यांना चालतो, पण आपल्या फुलपाखरांच्या अळ्यांना यांची पानं चालत नाहीत. मुलीला यांचा राग करायला शिकवू नका, एकदांडीवरची छोटी निळी फुलपाखरं बघण्यासारखीच असतात. मात्र कॉसमॉसचं बी टेकडीवर टाकू नका आणि कोणी टाकत असेल तर समजावून सांगा. सप्टेंबरात पुण्याच्या टेकड्यांचे उतार पिवळे-केशरी होतात, फोटो छान येतात, पण त्या ताटव्यांखाली आपली गवतं आणि बारकी रानफुलं दबून जातात. मला हे दरवर्षी मनापासून खुपतं.

गाजर गवत उपटायचंच असेल तर हातमोज्यांशिवाय नको, काहींच्या अंगावर पुरळ येतं. पण त्याआधी त्याची पानं बघा. काळसर रेघांचा पिवळट भुंगेरा आणि त्याच्या अळ्या ती चाळणीसारखी करून ठेवतात. हा झायगोग्रामा भुंगेरा, १९८०च्या दशकात मेक्सिकोहून मुद्दाम बंगळुरूला आणला आणि गाजर गवतावर सोडला. पाऊस संपून कोरडं पडलं की तो मातीत जाऊन बसतो, म्हणून सप्टेंबरातच शोधा.

हे सगळं पाहायचं कधी? एवढ्यापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर दुर्लक्षित कोपरा, पाच-सहा ओळखीची झाडं आणि आठवड्याची फेरी. वेळ सकाळी साडेआठ ते अकरा. त्याआधी फुलपाखरं पंख उघडून ऊन खात बसलेली असतात, तीही फोटोला चांगली वेळ. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी बारा ते तीन कोणी फारसं हलत नाही, अपवाद चतुरांचा. या दिवसांत मैदानावर, हिरवळीवर कमरेच्या उंचीवर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे फिरताना दिसतील, दमून बसतच नाहीत असे. ते ग्लोब स्किमर. मालदीवमध्ये राहून त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञांनी २००९मध्ये मांडलं की हे चतुर मोसमी पावसानंतर भारतातून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. कोथरूडच्या क्रिकेटच्या मैदानावर दिसणारा जीव हा प्रवास करू शकतो, हे मुलीला जरूर सांगा. चतुर आणि टाचणी यांतला फरकही इथेच दाखवा. बसल्यावर चतुर पंख पसरून ठेवतो, बारीक अंगाची टाचणी बहुधा पाठीवर मिटून घेते.

संध्याकाळची एक फेरी मात्र चुकवू नका, आणि ती बहुतेक लोक चुकवतात. सूर्यास्ताच्या जरा आधी वाळक्या गवताच्या काड्या आणि लोंबत्या बारीक फांद्या एकेक करून बघा. निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्या, म्हणजे ब्लू-बँडेड बी, त्यांचे नर रात्री झोपायला येतात. जबड्याने काडी घट्ट धरतात, पाय बऱ्याचदा सोडून देतात आणि तसेच रांगेने झोपतात. एक काडी आवडली की पुन्हा पुन्हा तिथेच येतात. त्यामुळे जागा सापडली की आठवडाभर रोज जाऊन मोजता येतं, कोण आधी येतं, कोण कोणाला ढकलतं हे बघता येतं. हलवायचं मात्र नाही, आणि टॉर्च सतत मारायचा नाही. त्याच गवतावर छोटी निळी फुलपाखरं डोकं खाली करून झोपलेली असतात.

ऑक्टोबर सरता सरता आणखी एक गंमत सुरू होते. इव्हनिंग ब्राउन आणि पीकॉक पॅन्सी यांसारख्या फुलपाखरांच्या पावसाळी पिढीच्या पंखांखाली डोळ्यांसारखे ठिपके असतात. कोरड्या दिवसांच्या पिढीत ते जवळजवळ नाहीसे होतात आणि मिटलेला पंख वाळक्या पानासारखा दिसतो. जात एकच, रूपं दोन. नोव्हेंबरात दोन्ही रूपं एकाच बागेत दिसू शकतात, आणि तुमचं ॲप गोंधळतं त्यातला काही भाग यामुळेच. याच सुमारास फांद्यांवर फेस वाळून घट्ट झाल्यासारखे तपकिरी गोळे दिसले तर तोडू नका, ती खंडोबाच्या किड्याची अंडी आहेत. फुलं संपली तरी निराश व्हायचं कारण नाही. आघाडा, कुसळी यांच्या बिया कपड्यांना कशा चिकटतात ते भिंगाखाली बघा. कुसळाला पाण्याचा थेंब लावला की ते गरागरा पीळ सोडायला लागतं.

आता ॲप आणि सामान. विकत घ्यायचं असेल तर दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग आणि एक वही घ्या, इतकंच. फोन पुरतो. कॅमेऱ्याची घाई करू नका, मुलीची गोडी टिकली तर पुढच्या वर्षी बघा. ॲप चुकतं कारण त्याला आपण वरून काढलेला एकच धूसर फोटो देतो. तीन फोटो द्या: कीटक बाजूने, त्याच्याच उंचीवर फोन धरून, फुलपाखरू असेल तर पंख उघडे आणि मिटलेले दोन्ही, आणि तो ज्या झाडावर आहे त्याचं पान. झाडाचा फोटो लोक विसरतात आणि ओळख बहुतेक वेळा तिथेच अडते. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर नोंद टाकली तर जाणकार माणसं तपासतात. ‘कोळ्याच्या अमुक कुळातला’ एवढंच कळलं तरी समाधान माना. माश्या, चिलटं, बारके भुंगेरे यांची जात फोटोवरून बऱ्याचदा तज्ज्ञांनाही सांगता येत नाही. वहीत मात्र तारीख, वेळ, झाड आणि कीटक काय करत होता हे लिहायचंच. नाव नंतरही मिळतं, वागणं पुन्हा आठवत नाही.

मूल बरोबर आहे म्हणून काही गोष्टी ठामपणे सांगते. गवतात आणि दगडाखाली हात घालायचा नाही, पुण्याच्या टेकड्यांवर आणि कडेच्या बागांत घोणस असते. काळ्या अंगावर केशरी पट्टे असलेला भुंगेरा जास्वंदीवर, कॉसमॉसवर फुलं खाताना दिसेल. शेतकरी त्याला हिंगे म्हणतात. त्याला हाताने धरायचं नाही, त्याच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर फोड येतात. केसाळ सुरवंट लांबूनच. रुईचं पान उलटायचं ते काडीने, आणि चीक लागला तर हात धुवेपर्यंत डोळ्याला लावायचा नाही.

अळी घरी आणून वाढवू का, असं तुम्ही खाली पुन्हा विचारलंत. एखादी आणायला हरकत नाही, पण ज्या झाडावर सापडली त्याचीच ताजी पानं रोज आणता येणार असतील तरच. लिंबाळीची आणा, कढीपत्ता घराजवळ असतोच. फुलपाखरू बाहेर पडलं की पंख वाळेपर्यंत थांबून त्याच झाडापाशी सोडा. आणि त्या आधी एक काम करा: माळीकाकांशी बोलून भिंतीलगतचा एखादा पट्टा डिसेंबरपर्यंत न कापता ठेवता येईल का ते विचारा. दिवाळीच्या तोंडावर बागा साफ करतात आणि नेमकी अंडी, कोश, झोपायच्या काड्या तेव्हाच जातात. मुलीने काढलेली यादी आणि फोटो दाखवून विचारलंत तर बहुतेक माळी ऐकतात, काही तर स्वतःहून नवीन जागा दाखवतात. तुमच्या पट्ट्यात कोणती झाडं आहेत त्याचे फोटो इथे टाका, पानाच्या खालच्या बाजूसकट. त्यावर काय शोधायचं ते मी झाडागणिक सांगते.